अक्षरांचे भाडेकरू

"लिनक्स हे इंजिनियर पोरांचे खेळणे आहे, आपल्यासारख्यांचे ते काम नव्हे," हे वाक्य अलीकडे इतक्या निरनिराळ्या तोंडून ऐकू येते की त्याला आता म्हणीचे स्वरूप येऊ लागले आहे. मंडळाच्या कार्यालयातील तीन आणि वाचनालयातील एक असे चारही संगणक मोडीत काढून त्यांच्या जागी नवे घ्यावेत, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे. त्याच्या समर्थनार्थ जी कारणे दिली जातात त्यांचा गाळ काढला तर तळाशी हेच एक वाक्य उरते. प्रस्ताव मांडणाऱ्यांच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. त्यांच्या कारणमीमांसेविषयी मात्र आहे, आणि ती मी येथे आडपडदा न ठेवता मांडणार आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. संगणक सुरू केल्यापासून तो बंद करीपर्यंत पडदा, कळफलक, छपाईयंत्र आणि आपण उघडलेले कार्यक्रम यांच्यात समन्वय राखणारी जी मूळ व्यवस्था असते तिला कार्यप्रणाली म्हणतात. आपल्या चारही संगणकांवर विंडोज १० ही मायक्रोसॉफ्ट कंपनीची कार्यप्रणाली आहे. ती जुलै २०१५ मध्ये आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने तिची नियमित देखभाल थांबवली. त्या दिवशी संगणक बंद पडले नाहीत. परंतु प्रणालीत नव्याने सापडणारी भगदाडे बुजवणारी जी दुरुस्ती कंपनी दरमहा पाठवीत असे, ती आता येत नाही. घरगुती ग्राहकांसाठी खाते उघडून अथवा पैसे भरून मिळणारी वाढीव मुदत जाहीर झाली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच.

मग विंडोज ११ घालावी, तर ती सर्वच यंत्रांवर चालू दिली जात नाही. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था हवी आणि इंटेलचा प्रक्रियक असेल तर तो, थोडे अपवाद वगळता, आठव्या पिढीचा अथवा त्यापुढचा हवा. ही आठवी पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. आपली यंत्रे त्यापूर्वीची आहेत. त्यांचे पडदे स्वच्छ आहेत, कळफलक शाबूत आहेत, पत्रव्यवहार, सभासदांची यादी आणि ग्रंथसूची हे काम ती आजही बिनबोभाट करतात. तरीही ती 'कालबाह्य' ठरली, आणि हा निर्णय यंत्राने दिलेला नसून परगावी बसलेल्या एका विक्रेत्याने दिलेला आहे. घराच्या भिंती भक्कम असताना केवळ भाडेपट्टा संपला म्हणून घर पाडावे, असा हा प्रकार. प्रस्तावात या मुद्द्याचा साधा उल्लेखही नसावा याचे आश्चर्य वाटते.

आता लिनक्सविषयी. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' हा प्रकल्प जाहीर केला. संगणकाची प्रणाली कोणाच्याही मालकीच्या तिजोरीत बंद असू नये, ही त्यामागची भूमिका. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहिला आणि पुढच्या वर्षी तो स्टॉलमन यांच्याच परवान्याखाली खुला केला. या दोन प्रवाहांच्या संगमातून जी कार्यप्रणाली झाली तिला आपण लिनक्स म्हणतो. ती एका कंपनीची नाही, म्हणून तिची अनेक रूपे आहेत. डेबियन १९९३ पासूनची, उबुंटू २००४ ची, मिंट २००६ ची.

त्या परवान्याचे स्वरूप सांगताना उत्साही मंडळी जी कायद्याची भाषा वापरतात ती ऐकून नवखा माणूस बिचकतो. वास्तविक आम्हा मध्य प्रदेशातील लोकांना ही कल्पना परकी वाटू नये. येथील १९५९ च्या भू-राजस्व संहितेत 'निस्तार पत्रक' आणि 'वाजिब-उल-अर्ज' अशी दोन दफ्तरे सांगितलेली आहेत. गावची चराई, सरपण, पाणी, वहिवाटीच्या वाटा यांवर गावकऱ्यांचे कोणते हक्क, याची ती नोंद असते. त्या रानात प्रत्येकाने गुरे चारावीत, सरपण आणावे, परंतु कुंपण घालून ते रान 'माझे' म्हणू नये, हे त्यामागचे तत्त्व. स्टॉलमन यांचा परवाना नेमके हेच सांगतो. प्रणाली वापरा, ती उघडून पाहा, बदला, दुसऱ्याला द्या. बदललेली प्रणाली दुसऱ्याला देताना मात्र तुम्हाला मिळालेली मोकळीक त्यालाही मिळाली पाहिजे. गायरानाचा हा कायदा ज्याला कळतो त्याला लिनक्स कळते. 'फुकट मिळते म्हणून हलक्या प्रतीचे असणार' असे म्हणणाऱ्यांनी गायरान, पाणवठा आणि सार्वजनिक वाचनालय यांच्याविषयीही तेच म्हणावे.

येथे एक अप्रिय विषय काढणे भाग आहे. आपल्याकडे सुटे भाग जुळवून संगणक तयार करून देण्याची जी पद्धत पडली, तिच्यात विंडोज बहुधा 'टाकून' दिली जाई. पावतीवर तिचा उल्लेख नसे, परवान्याचा कागद नसे आणि कोणी विचारीतही नसे. किती साहित्यसंस्थांच्या कार्यालयांत अशी टाकलेली विंडोज आणि तिच्यावर तसेच टाकलेले मराठी फाँट वर्षानुवर्षे नांदले, याची मोजदाद कोणी केलेली नाही, आणि करावी असे कोणाला वाटणारही नाही. याच संस्थांच्या व्यासपीठांवरून आपण लेखकाच्या स्वामित्वहक्कावर परिसंवाद घेतो. पुस्तकाच्या छायाप्रती काढणाऱ्यांना वाङ्मयचौर्याचे पातक लावतो. नवोदित कवीची कविता कोणी नाव न देता छापली तर निषेधाचा ठराव करतो. मग संगणकावरील अक्षर घडवणारा आणि प्रणाली लिहिणारा, हे कर्ते नव्हेत काय? ज्याला परवान्याचे पैसे द्यावयाचे आहेत त्याने ते द्यावेत, त्यात गैर काहीच नाही. ज्याला द्यावयाचे नाहीत त्याच्यासाठी उजळ माथ्याचा मार्ग उपलब्ध आहे. तो असताना मागच्या दाराचा वापर करावयाचा आणि पुढच्या दारावर 'साहित्यसेवा' अशी पाटी लावावयाची, हे शोभत नाही.

'नवख्याला जमणार नाही' या म्हणण्याचा परामर्श घेतला पाहिजे. लिनक्सचे कैवारी अशा वेळी जगातील बलाढ्य महासंगणकांचे दाखले देतात. २०१७ च्या नोव्हेंबरपासून पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील सर्वच्या सर्व लिनक्सवर चालतात, हे खरे. पण हा दाखला मला भावत नाही. महासंगणक चालवणारे नवखे नसतात, आणि आपल्या ग्रंथपालांना महासंगणक चालवायचा नाही. अधिक बोलके उदाहरण केरळचे आहे. तेथील शालेय शिक्षण खात्याने 'आयटी ॲट स्कूल' हा उपक्रम २००१ मध्ये सुरू केला आणि पुढे काही वर्षांतच तो मुक्त प्रणालीवर नेला. त्या राज्यातील शासकीय आणि अनुदानित शाळांतील मुले लिनक्सवर संगणक शिकतात, दहावीची संगणकाची प्रात्यक्षिक परीक्षाही त्याच प्रणालीवर देतात. त्यांना शिकवणारे बहुतेक जण गणिताचे, भाषेचे, समाजशास्त्राचे शिक्षक. प्रशिक्षण घेऊन ते उभे राहिले. इंजिनियर पोरांचे खेळणे म्हणावे, तर खेड्यापाड्यांतील लाखो मुलांनी आणि त्यांच्या मास्तरांनी ते हाताळून दाखवले आहे. म्युनिक महापालिकेने लिनक्स स्वीकारून २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला, हे उदाहरण प्रतिपक्षाकडून येईल. येऊ द्यावे. त्याच जर्मनीतील श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे तीस हजार संगणक मुक्त प्रणालीकडे नेण्याचे ठरवले, हेही त्यासोबत येऊ द्यावे. आणि ज्यांच्या खिशात अँड्रॉइडचा भ्रमणध्वनी आहे त्यांनी तो काढून टेबलावर ठेवावा. त्याचा गाभा लिनक्सचाच आहे. 'आपले ते काम नव्हे' म्हणणारे सद्गृहस्थ दिवसाकाठी चार तास त्यावरच असतात.

मग नवख्या मराठी माणसाला लिनक्सवर जे अडते ते नेमके काय? माझे म्हणणे असे की अडते ते लिनक्समुळे नव्हे. अडते ते आपल्या जुन्या फाँटांमुळे. हा या वादाचा गाभा आहे, आणि संगणकविक्रेत्यांना त्यात रस नसल्यामुळे तो आजवर कोणी आपल्यापुढे मांडला नाही.

१९९० च्या दशकात मराठी अक्षरजुळणी संगणकावर आली ती श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा पॅकेजांच्या रूपाने. आमच्या बाजूला कचेऱ्यांत हिंदीसाठी कृतिदेव आला आणि तो मराठीलाही चिकटला. या सर्वांची करणी एकच होती. संगणकाला तेव्हा अक्षरांसाठी २५६ घरे ठाऊक होती, आणि ती इंग्रजीच्या हिशेबाने भरलेली. या फाँटांनी त्या घरांवरील पाटी तशीच ठेवली, आत मात्र देवनागरीचे तुकडे बसवले. कृतिदेवमध्ये 'भारत' हा शब्द टंकला तर संगणकाच्या स्मृतीत जे साठते ते 'एच, के, के, जे, आर' अशी पाच इंग्रजी अक्षरे. पडद्यावर 'भारत' दिसतो तो केवळ चित्र म्हणून. फाँट काढून घ्या, देशाचे नाव नाहीसे होते. श्रीलिपीत त्याच शब्दाची साठवण निराळी, आयएसएममध्ये आणखी निराळी. प्रत्येक कंपनीने आपापली गुप्त लिपी तयार केली आणि आपण आपले वाङ्मय तिच्या स्वाधीन केले. काही पॅकेजांना तर संगणकाच्या पाठीमागे खोचावयाचे कुलूप असे. ते हरवले अथवा बिघडले की आपलेच लेखन आपल्याला वाचता येत नसे.

त्या काळात याखेरीज दुसरा मार्ग नव्हता, असे सांगितले जाते. सुरुवातीच्या काही वर्षांपुरते ते खरे आहे, आणि ज्यांनी त्या फाँटांवर मराठी छपाईला नवे रूप दिले त्यांचे ऋण कोणी नाकारू नये. परंतु सर्व भारतीय लिप्यांसाठी एकच असा इनस्क्रिप्ट कळफलक १९८६ मध्येच प्रमाणित झाला होता. जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारे युनिकोड १९९१ मध्ये आले, आणि त्यात देवनागरी पहिल्यापासून आहे. विंडोजनेही २००० सालच्या आवृत्तीपासून त्याची सोय केली. म्हणजे गेली पंचवीस वर्षे विंडोजवर राहूनसुद्धा आपण आपले लेखन मोकळे करू शकत होतो. तसे न करता आपण अंकामागून अंक पेजमेकरमध्ये, जुन्याच फाँटांत जुळवीत राहिलो. त्या पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची आहे. त्याच्या फायली उघडण्यासाठी आज जुना संगणक, जुनी विंडोज, जुने पॅकेज आणि ते चालवणारा जुना माणूस असे चार योग जुळून यावे लागतात.

इंदूर-ग्वाल्हेरच्या आपल्या संस्थानी वारशात मोडी कागदांचे ढीग आहेत. ते वाचणारे विरळा झाले म्हणून आपण हळहळतो, मोडीचे वर्ग भरवतो. त्या मोडी लिपीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. होळकरशाहीतील कारकुनाने बोरूने लिहिलेले अक्षर आज कोणत्याही संगणकावर मोडी म्हणून साठवता येते, आणि १९९८ साली आपल्याच पत्रिकेसाठी संगणकावर जुळवलेला अग्रलेख मात्र फाँट हरवला तर निव्वळ इंग्रजी अक्षरांचा चिवडा ठरतो. मोडी निदान शिकता तरी येते.

हे कर्ज आपल्या डोक्यावर होतेच. लिनक्सने ते वाढवलेले नाही. ती एवढेच करते की हे खाते बाहेर काढून आपल्यापुढे ठेवते. लिनक्सवर देवनागरी टंकायची तर ती युनिकोडमध्येच टंकली जाते आणि पहिल्या दिवसापासून टंकता येते. इनस्क्रिप्ट तर असतेच, शिवाय रोमन अक्षरांवरून मराठी उमटवणाऱ्या पद्धतीही तेथे आहेत. फाँटांचा दुष्काळ तर मुळीच नाही. रेडहॅट कंपनीने मुक्त केलेली 'लोहित' फाँटमाला श्रीलिपीच्या पुण्यातील निर्मात्यांकडूनच, म्हणजे मॉड्युलर इन्फोटेककडून घेतलेली आहे. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्त' हा फाँट नावाप्रमाणेच मुक्त आहे आणि पत्रिकेच्या मजकुराला शोभून दिसतो. अक्कलहुशारीने पाहिले तर नवे चार संगणक आणि विंडोज ११ विकत घेऊनही कर्ज फिटणार नाही. जुन्या फाँटांत टंकणारा आपला हात आहे तेथेच राहील, आणि ज्या फायली आज अडल्या आहेत त्या तेथेही अडतील. पैसे मात्र खर्ची पडतील.

जुना मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी रूपांतरक मिळतात. त्यांच्यावर विसंबून निजणे मात्र धोक्याचे आहे. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकत, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफार पूर्वी अक्षरानंतर येई, आता आधी येतो. ही उलटापालट करताना जोडाक्षरांत चुका राहतात. हिंदीसाठी बेतलेल्या साधनांना आपल्या अर्ध्या 'ऱ्'ची ओळख अनेकदा नसते, आणि मग आचाऱ्यांना बिदागी द्यावयाची ती आचार्यांना दिली जाते. दऱ्यांचा दर्या होतो. ही मुद्रिते डोळ्यांत तेल घालून वाचणारी माणसे लागतील. पण ती माणसे साहित्यसंस्थेत मिळणार नाहीत तर कोठे मिळणार? येथे इंजिनियरचे काही काम नाही. ज्याला रफार आणि रकार यांतील फरक कळतो, त्याचे आहे.

नवख्याने लिनक्सकडे कसे जावे याविषयी उत्साही मंडळी जो गोंधळ घालतात त्याचाही समाचार घेतला पाहिजे, कारण या विषयाचे निम्मे नुकसान त्यांनी केले आहे. त्यांना विचारले की ते प्रथम पन्नास रूपांची नावे सांगतात, मग त्यांतील कोणते श्रेष्ठ यावर आपसांत भांडतात आणि अखेरीस एक काळी खिडकी उघडून तिच्यात मंत्र टंकावयास सांगतात. विचारणारा नमस्कार करून निघून जातो. नवख्याला निवड नको असते, वाट हवी असते. माझ्या मते ती वाट लिनक्स मिंटची आहे. तिची मांडणी जुन्या विंडोजसारखी, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात यादी. स्मृती दोन जीबी असली तरी ती चालते, चार असली तर बरे. तिच्या बाविसाव्या मालिकेची देखभाल २०२९ पर्यंत व्हावयाची आहे. भाषा म्हणून मराठी निवडली तर बऱ्याच सूचना मराठीत येतात, काही इंग्रजीत राहतात.

आणि संक्रमण एका रात्रीत करू नये. प्रथम विंडोजवरच राहून लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स वापरावे. दोन्ही कार्यक्रम दोन्ही प्रणालींवर चालतात, म्हणून हाताला वळण येथेच लागते. त्याच महिन्यात इनस्क्रिप्टचा सराव करावा. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या, ही त्याची मांडणी वर्णमाला येणाऱ्या कोणालाही चार दिवसांत उमगते, आणि पंधरा दिवसांत बोटे वळतात. मध्य प्रदेशात शासकीय भरतीसाठी जी सीपीसीटी परीक्षा होते तिच्यात हिंदी टंकन युनिकोडमध्येच करावे लागते. म्हणजे आपल्या नातवंडांना तो रस्ता सरकारनेच घालून दिला आहे, मागे राहिलो ते आपण. त्यानंतर मिंट पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी. संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू केला की मिंट चालू होते आणि आपण होऊन बसवल्याखेरीज आतल्या डिस्कला हात लावीत नाही. पडदा, आवाज, आंतरजाल, छपाईयंत्र या चार गोष्टी चालतात की नाही ते तेथेच पाहून घ्यावे. पसंत पडली तर जुनी डिस्क काढून, कागदात गुंडाळून, तारीख घालून कपाटात ठेवावी आणि नव्या एसएसडी डिस्कवर मिंट बसवावी. जुना संगणक या एका बदलाने विलक्षण चपळ होतो. उद्या पश्चात्ताप झालाच तर जुनी डिस्क परत बसवायला दहा मिनिटे लागतात. इतके निर्धोक धाडस दुसरे नसेल.

अडचणी आहेत, त्या झाकून ठेवण्याचे कारण नाही. कोषाध्यक्ष हिशेब टॅलीवर ठेवतात आणि टॅली विंडोजसाठी आहे. त्यांचा एक संगणक विंडोजवरच ठेवावा आणि तो रीतसर परवान्यासह नवा घ्यावा. याला माझा विरोध नाही. काही जुन्या लेझर छपाईयंत्रांच्या निर्मात्यांनी लिनक्सची दखलच घेतलेली नाही. आपल्या कार्यालयातील यंत्र त्यांपैकी आहे की काय, हे पेनड्राइव्हच्या चाचणीतच कळेल. वर्डमधील गुंतागुंतीची तक्तेवजा पत्रे लिब्रेऑफिसमध्ये उघडली तर रकाने हलतात. मुद्रणालयाला मजकूर पाठवताना पीडीएफ पाठवावी, म्हणजे त्यांच्याकडे कोणती प्रणाली आहे याची पर्वा उरत नाही. अंकाच्या मांडणीसाठी स्क्रायबस आहे. त्याच्या नव्या आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरे नीट जुळतात. पेजमेकरच्या सवयीच्या हाताला तो प्रारंभी हेकट वाटेल, आणि एखादा अंक उशिरा निघेल. आपला अंक वेळेवर निघाल्याचा इतिहास फारसा समृद्ध नसल्यामुळे त्याचे दुःख वाचकांना होऊ नये.

'या वयात आता कोठे शिकत बसावे' या आक्षेपाला मी उत्तर देणार नव्हतो, पण तो फार वेळा आला म्हणून देतो. याच पिढीने टंकलेखन यंत्रावरून संगणकावर उडी मारली. टपालाच्या पेटीकडून विजेवरच्या पत्रांकडे, रोखपालाच्या खिडकीकडून भ्रमणध्वनीवरच्या देयकांकडे ती आली. विंडोज ११ मध्येही यादी मध्यभागी सरकलेली आहे आणि खात्याशिवाय ती पुढे जाऊ देत नाही. म्हणजे शिकावे तेथेही लागणार आहे. प्रश्न शिकण्याचा नाही. काय शिकावयाचे ते कोण ठरवणार, हा आहे.

यास्तव प्रस्तावाला माझी उपसूचना अशी. नवा संगणक एकच घ्यावा, कोषाध्यक्षांसाठी. उरलेल्या तीन संगणकांना प्रत्येकी एक एसएसडी आणि आवश्यक तेथे स्मृती वाढवून द्यावी, आणि सुरुवात वाचनालयातील संगणकापासून करावी, कारण तेथे केवळ ग्रंथसूची आणि आंतरजाल एवढेच काम आहे. जो पैसा वाचेल तो पत्रिकेच्या जुन्या फायली युनिकोडमध्ये आणण्यासाठी राखून ठेवावा. एका होतकरू विद्यार्थ्याला त्या कामाचे मानधन द्यावे. जेथे फायलीच उरलेल्या नाहीत तेथे छापील पाने स्कॅन करून टेसरॅक्ट या मुक्त साधनाने मजकूर उतरवता येतो. तेही मराठी ओळखते, चुकाही करते.

मुद्रिते वाचण्यासाठी सभासदांपैकी कोणी पुढे येणार असतील तर त्यांनी आपले नाव ग्रंथपालांकडे नोंदवावे. ताडून पाहण्यासाठी लागणारे जुने छापील अंक वाचनालयातील दुसऱ्या कपाटात, वरून तिसऱ्या कप्प्यात आहेत. काही वर्षांचे संच अपुरे आहेत. ज्यांच्या घरी ते असतील त्यांनी निदान स्कॅनिंगपुरते आणून द्यावेत.